टेक्सासमध्ये कायदा आहे, तरी डायग्नोस्टिक मॅमोग्रामचं बिल का आलं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४३, टेक्सासमध्ये प्लेनोला राहतात, इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये वार्षिक मॅमोग्राम (कॅन्सरसाठी स्तनांचा एक्स-रे) झाला, त्याचे शून्य पैसे लागले. चार दिवसांनी परत बोलावलं, त्याच बाजूचा आणखी एक मॅमोग्राम आणि अल्ट्रासाऊंड केला. रिपोर्टमध्ये "बहुतेक साधंच आहे, सहा महिन्यांनी परत बघू" असं आलं. मग नोव्हेंबरात ११८४ डॉलरचं बिल. टेक्सासमध्ये याविरुद्ध कायदा आहे असं त्यांनी वाचलं, इन्शुरन्सला फोन केला तर तिकडून उत्तर आलं की हे डिडक्टिबलला लागतं, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी दरवर्षी जी रक्कम आपण भरायची असते त्यात धरलं जातं. प्रश्न असा की हे लोक फसवतायत का, आणि एप्रिलमधली तपासणी "पैशांचं नक्की होईपर्यंत" पुढे ढकलली तर चालेल का. शेवटी एक ओळ, की आई मे महिन्यात येतेय, तिचंही इथेच करून घेऊ का.

मी डॅलस भागातल्या ब्रेस्ट इमेजिंग सेंटरमध्ये सतरा वर्षं आहे, आधी अकरा वर्षं बिलिंगला आणि आता पेशंट नॅव्हिगेटर, म्हणजे पेशंटला तपासण्या आणि बिलांतून वाट दाखवणारी, म्हणून. त्यामुळे बिलाबद्दल सांगू शकते. रिपोर्टचा वैद्यकीय अर्थ तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या, मी फक्त रोज जे बघते ते सांगते.

सगळ्यात आधी तो ढकलण्याचा मुद्दा, कारण मला त्याचीच काळजी वाटली. नका ढकलू. तुमच्या रिपोर्टवर जे लिहिलंय त्याला आमच्याकडे बायरॅड्स ३ म्हणतात, म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्के किंवा त्याहून कमी. हा आकडा दिलासा देणाराच आहे. पण तो दिलासा सहा महिन्यांनी परत बघणार हे गृहीत धरूनच दिलेला असतो. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फिल्म वाचणारा डॉक्टर, बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) न करता तुम्हाला घरी पाठवतो ते या भरवशावर की तुम्ही परत याल आणि ती गाठ किंवा ते कॅल्शियमचे ठिपके तेवढेच आहेत का बदललेत हे शेजारी-शेजारी फिल्म लावून बघता येईल. तुम्ही आलाच नाहीत तर तो निर्णयच अर्धवट राहतो. आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात ते माहितीये, इथे येऊन त्यात डिडक्टिबलची भर पडलीये. पैशाचा मार्ग निघतो, कधी पूर्ण कधी अर्धा, पण तारीख गेली की गेली.

आता बिल. तुमचा खरा प्रश्न "टेक्सासचा कायदा काय म्हणतो" हा नाहीये. कायदा काय म्हणतो ते अगदी स्पष्ट आहे, लगेच सांगते. खरा प्रश्न आहे की तो कायदा तुमच्या प्लॅनला लागू होतो का. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस महिनोन्महिने फोनवर भांडत बसतो आणि हाती काही लागत नाही.

कायदा असा. ओबामांच्या २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टमुळे देशभरात ४० च्या पुढे स्क्रीनिंग मॅमोग्राम फुकट झाला, म्हणजे को-पे (दर वेळी आपण भरायची ठरलेली रक्कम) नाही, डिडक्टिबल नाही. पण हे फक्त स्क्रीनिंगला, म्हणजे काही त्रास नसताना नेहमीची तपासणी म्हणून केलेल्या मॅमोग्रामला. त्यात काही शंका आली आणि परत बोलावलं की तीच मशीन, तीच खोली, बऱ्याचदा तीच टेक्निशियन, पण क्लेमवरचा कोड बदलतो. तुमच्या पहिल्या तपासणीला ७७०६७ हा कोड लागला असेल, दुसऱ्या वेळी एका बाजूचा डायग्नोस्टिक, म्हणजे शंका तपासायला केलेला, म्हणून ७७०६५ आणि मर्यादित अल्ट्रासाऊंडचा ७६६४२. इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरला फक्त हे आकडे दिसतात, पहिला दिसला की शून्य, दुसरे दिसले की डिडक्टिबल. स्क्रीनिंगला आलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणींना असं परत बोलावलं जातं, आणि त्यातल्या बहुतेकींचं पुढे काहीही निघत नाही. म्हणजे दर दहातल्या एका बाईला अर्ध्या तपासणीनंतर दारात अडवून पैसे मागायचे असा हा प्रकार होता, आणि माझ्या डोळ्यासमोर बायका काउंटरवरून "मग राहू दे" म्हणून परत गेल्यात.

हे बुजवायला राज्यांनी आपापले कायदे केले. न्यूयॉर्कने २०१६ ला केला आणि १ जानेवारी २०१७ पासून तिथे डायग्नोस्टिक मॅमोग्राम, अल्ट्रासाऊंड, एमआरआय यांना कॉस्ट शेअरिंग, म्हणजे को-पे, डिडक्टिबल असा पेशंटचा वाटा, बंद झालं. टेक्सासने २०१९ ला हाउस बिल १७० पास केलं. त्यातलं मुख्य वाक्य एवढंच, की डायग्नोस्टिक मॅमोग्रामचं कव्हरेज स्क्रीनिंग मॅमोग्रामपेक्षा कमी असता कामा नये. स्क्रीनिंग फुकट, म्हणजे डायग्नोस्टिकही फुकट. पण पहिल्या कायद्यात अल्ट्रासाऊंड आणि एमआरआय सुटले होते, त्यामुळे २०२१ मध्ये सेनेट बिल १०६५ आणून "डायग्नोस्टिक इमेजिंग" असा शब्द घातला आणि ते दोन्ही आत घेतले. हे सगळं टेक्सास इन्शुरन्स कोडच्या १३५६ व्या चॅप्टरमध्ये आहे. (त्याच चॅप्टरमध्ये स्क्रीनिंग ३५ व्या वर्षापासून दरवर्षी कव्हर करायचं असंही आहे, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.) बायोप्सी मात्र यात नाही, कायदा इमेजिंगबद्दल बोलतो, सुई घातली की तो संपतो, हे लक्षात ठेवा.

मग तुम्हाला बिल का आलं?

पाकिटातून इन्शुरन्सचं कार्ड काढा. समोरची बाजू नीट बघा, कंपनीच्या मोठ्या लोगोच्या आसपास किंवा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात टीडीआय किंवा डीओआय असं छापलंय का. अक्षरं इतकी बारीक असतात की मी काउंटरवर भिंग ठेवलंय. टीडीआय म्हणजे टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स, डीओआय म्हणजे नुसतं डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स. यातली कुठलीही तीन अक्षरं असली तर तुमचा प्लॅन राज्याच्या ताब्यात आहे, कायदा लागू आहे, आणि त्या ११८४ डॉलरसाठी भांडायला तुमची बाजू भक्कम आहे.

अक्षरं नसली तर बहुतेक वेळा तुमचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे. म्हणजे कार्डावर लोगो मोठ्या इन्शुरन्स कंपनीचा, फोन उचलणारी माणसं त्यांची, पण पैसा नवऱ्याच्या कंपनीचा. इन्शुरन्स कंपनी फक्त कारकुनी करते, क्लेम तपासते, चेक काढते, नफा-तोटा सगळा कंपनीच्या खिशातून. आणि १९७४ चा एरिसा नावाचा फेडरल कायदा म्हणतो की असल्या प्लॅनवर राज्याचे इन्शुरन्सचे कायदे चालत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका केसमध्ये हे अगदी सरळ सांगितलंय, की राज्य इन्शुरन्स कंपनीला सांगू शकतं की अमुक कव्हर कर, पण स्वतःच्या पैशाने प्लॅन चालवणाऱ्या कंपनीला नाही सांगू शकत. नोकरीतून इन्शुरन्स मिळणाऱ्यांमध्ये साठ टक्क्यांहून जास्त लोक असल्या प्लॅनमध्ये आहेत. आणि आपले लोक जिथे काम करतात, मोठ्या आयटी कंपन्या, बँका, टेलिकॉम, तिथे तर हे प्रमाण आणखी जास्त दिसतं मला. म्हणून होतं असं की मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी "टेक्सासमध्ये आता फ्री आहे" असा मेसेज टाकतं, तो खराच असतो, आणि वाचणाऱ्या बऱ्याच जणींना तो लागू नसतो.

हे मला सुरुवातीपासून कळत होतं असं नाही. हाउस बिल १७० लागू झालं त्या पहिल्याच वर्षी नागपूरकडची एक मुलगी आली होती, पस्तिशीची, छातीत गाठ हाताला लागत होती म्हणून घाबरलेली. मी तिला मराठीतच सांगितलं, काळजी करू नको, आता कायदा आहे, पैसे लागणार नाहीत. तिला सातशे डॉलरच्या वर बिल गेलं. ती परत आली ते कार्ड घेऊनच, आणि त्या कार्डावर ती अक्षरं नव्हती. मी बघितलंच नव्हतं. तिने एका शब्दाने दोष दिला नाही, पण मला अजून तिचा चेहरा आठवतो. तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी आधी कार्ड मागते, मग बोलते.

अक्षरं नसणं म्हणजे शंभर टक्के सेल्फ-फंडेड असंही नाही हं. कंपनीचं हेड ऑफिस कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कला असेल आणि पॉलिसी तिकडे काढलेली असेल तर त्या राज्याचा कायदा चालू शकतो, तुम्ही राहता प्लेनोला असलात तरी. मार्केटप्लेस या सरकारी वेबसाइटवरून स्वतः घेतलेला प्लॅन राज्याच्या अखत्यारीत येतो. शॉर्ट-टर्म प्लॅन आणि "शेअरिंग" नावाने चालणाऱ्या योजना हे वेगळंच प्रकरण, त्यांच्या जाहिराती इन्शुरन्ससारख्या दिसतात पण आत हे संरक्षण नसतं. म्हणून अंदाज करत बसू नका, एचआरला ईमेल टाका. फोन नको, ईमेलच, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. एवढंच विचारा की आपला मेडिकल प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का फुली इन्शुअर्ड (म्हणजे पैसा इन्शुरन्स कंपनीचा), फुली इन्शुअर्ड असेल तर पॉलिसी कुठल्या राज्यात काढली, आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शनची, म्हणजे प्लॅनमध्ये काय कव्हर होतं ते सांगणाऱ्या पुस्तिकेची, कॉपी पाठवा. ती कॉपी देणं त्यांना बंधनकारक आहे, लेखी मागितल्यावर तीस दिवसांत. नवऱ्याच्या नावाने ईमेल गेली तर बरं, कारण कर्मचारी तो आहे. बऱ्याच घरांत नवरा म्हणतो "एचआरला कशाला सांगायचं घरातलं", तर त्याला सांगा की या प्रश्नात तुमच्या तब्येतीचं एक अक्षर नाहीये.

आता पुढचं दोन्ही बाजूंनी सांगते, कारण मला तुमचं कार्ड दिसत नाही.

टीडीआय निघालं तर: इन्शुरन्सला परत फोन करा, पण "मला बिल का आलं" असं विचारू नका, कारण त्याला उत्तर तेच येणार, डिडक्टिबल. सांगा की हा प्लॅन टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सच्या अखत्यारीतला आहे, इन्शुरन्स कोड चॅप्टर १३५६ प्रमाणे डायग्नोस्टिक इमेजिंगला स्क्रीनिंगइतकंच कव्हरेज पाहिजे, क्लेम रिप्रोसेस करा, आणि या कॉलचा रेफरन्स नंबर द्या. नंबर, तारीख, बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहून ठेवा. कधीकधी तिकडून सांगतात की तुमचा एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) वाला हाय डिडक्टिबल प्लॅन आहे, त्यात डिडक्टिबलच्या आधी आम्ही देऊच शकत नाही. ही अडचण एकेकाळी खरी होती. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आयआरएसने, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याने, नोटीस काढून स्पष्ट केलं की ज्यांना ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी मॅमोग्रामशिवायचं ब्रेस्ट स्क्रीनिंग, म्हणजे अल्ट्रासाऊंड आणि एमआरआयसुद्धा, प्रिव्हेंटिव्हमध्ये धरता येतं, एचएसएला धक्का लागत नाही. ती नोटीस प्लॅनला परवानगी देते, सक्ती करत नाही, हा फरक आहे, पण राज्याच्या कायद्याची सक्ती आणि ही परवानगी जोडून मांडलीत तर तुमचं म्हणणं टिकतं. तरी ऐकलं नाही तर टीडीआयकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट असते, वकील लागत नाही. तिथून इन्शुरन्सला पत्र गेलं की फाइल हलते असा माझा अनुभव आहे.

सेल्फ-फंडेड निघालं तर: राज्याचा कायदा विसरा, त्यावरून वाद घालण्यात शक्ती घालवू नका, फोनवरच्या व्यक्तीने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. पण म्हणून सगळं संपलं असंही नाही.

आधी प्लॅन डिस्क्रिप्शन वाचा, त्यात "डायग्नोस्टिक मॅमोग्राम" शोधा. काही कंपन्यांनी कायद्याची सक्ती नसताना आपणहून हे शून्य केलंय, आणि क्लेमच्या सिस्टिममध्ये ते नीट चढलेलंच नसतं. असं मी दोनदा तरी पकडून दिलंय. मग ईओबी, म्हणजे इन्शुरन्सने पाठवलेला हिशोबाचा कागद, तो आणि बिल शेजारी ठेवा. बिलं दोन आली असतील, एक सेंटरचं मशीनसाठी आणि एक रेडिओलॉजिस्टचं वाचण्यासाठी, दोन्ही ईओबीवर आहेत का बघा, आणि "तुम्ही देणं लागता" या रकान्यातला आकडा बिलाशी जुळतो का बघा. एकीने शूबॉक्स भरून कागद आणले होते, आम्ही टेबलावर पसरून जुळवत बसलो, आणि रेडिओलॉजिस्टचं बिल इन्शुरन्सकडे गेलेलंच नव्हतं, सरळ तिच्या घरी आलं होतं. ते परत पाठवून सगळा हिशोबच बदलला.

अपीलला ईओबीच्या तारखेपासून १८० दिवस असतात. तुमचं नोव्हेंबरचं असेल तर मे पर्यंत वेळ आहे, पण तेवढी वाट बघू नका. आणि सेंटर एखाद्या ना-नफा हॉस्पिटलचं असेल तर त्यांच्याकडे आर्थिक मदतीचं धोरण असणं फेडरल नियमाने बंधनकारक आहे, पहिल्या बिलापासून २४० दिवसांत अर्ज करता येतो. चांगला पगार असलेल्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही, पण मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी असते, विचारायला काय जातंय. तेही नाही जमलं तर बिनव्याजी हप्ते मागा, बहुतेक ठिकाणी देतात. क्रेडिट कार्डावर टाकू नका.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल, की डॉक्टरला सांगून पुढची तपासणी "स्क्रीनिंग" म्हणून लिहून घ्या. ते करू नका. एक तर ते खोटं बिलिंग आहे, डॉक्टर अडचणीत येतो. आणि त्याहून महत्त्वाचं, स्क्रीनिंगला तुम्ही फोटो काढून घरी जाता, रिपोर्ट नंतर येतो. डायग्नोस्टिकला बहुतेक ठिकाणी रेडिओलॉजिस्ट त्याच वेळी बघतो, लागलं तर तिथल्या तिथे जास्तीचे अँगल घेतो. तुम्हाला डायग्नोस्टिकचीच गरज आहे.

आता एप्रिलच्या तपासणीबद्दल, आणि इथे चांगली बातमी आहे. डिसेंबर २०२४ अखेरीस फेडरल सरकारच्या एचआरएसए या खात्याने बायकांच्या प्रिव्हेंटिव्ह सेवांची यादी सुधारली. त्यात म्हटलंय की सर्वसाधारण धोका असलेल्या बायकांना स्क्रीनिंग पूर्ण करायला किंवा स्क्रीनिंगमध्ये दिसलेल्या गोष्टीची शहानिशा करायला आणखी मॅमोग्राम, अल्ट्रासाऊंड, एमआरआय किंवा पॅथॉलॉजी (काढलेल्या तुकड्याची लॅबमधली तपासणी) लागली तर तीही त्याच यादीत, म्हणजे कॉस्ट शेअरिंग नाही. पॅथॉलॉजीचं नाव तिथे आहे हे बघा, टेक्सासचा कायदा तिथपर्यंत जात नव्हता. आणि हे फेडरल असल्यामुळे सेल्फ-फंडेड प्लॅनलाही लागू आहे! अट एवढीच की प्लॅन मार्च २०१० च्या आधीपासून न बदलता चालत आलेला नसावा, आणि तपासणी नेटवर्कमध्ये करायची. लागू कधीपासून, तर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षापासून. तुमचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत असेल तर एप्रिलच्या तपासणीच्या वेळी हा नियम लागू असेल. काही कंपन्यांचं वर्ष जुलैला सुरू होतं, तसं असेल तर एप्रिलला अजून जुनाच हिशोब. ऑक्टोबर २०२५ च्या बिलाला मात्र हा नियम मागे जाऊन लागत नाही.

यात एक खाचखळगा आहे. सहा महिन्यांनंतरची तपासणी ही "स्क्रीनिंगमध्ये दिसलेल्याची शहानिशा" धरायची का नुसती देखरेख, यावर प्लॅनवाल्यांचं एकमत दिसत नाही. माझं मत असं की ऑक्टोबरच्या स्क्रीनिंगमध्ये जे दिसलं त्याचाच हा पाठपुरावा आहे, दुसरं काही नाही, आणि मी अपील लिहिताना तसंच लिहीन. पण तुम्हाला हमी देणार नाही. म्हणून आत्ताच प्लॅनला फोन करा, कोड सांगा, ७७०६५ आणि ७६६४२, आणि विचारा की २०२६ च्या एचआरएसए गाइडलाइनप्रमाणे हे कॉस्ट शेअरिंगशिवाय कव्हर होईल ना. पोर्टलवरच्या मेसेजमधून विचारलंत तर उत्तम, उत्तर जपून ठेवा. नाही म्हणाले तरी जायचंच आहे, फक्त मग आधीच किंमत विचारून, हॉस्पिटलच्या आवाराऐवजी बाहेरचं स्वतंत्र इमेजिंग सेंटर निवडा, बऱ्याचदा खूप फरक पडतो. सेंटर बदललंत तर ऑक्टोबरच्या फिल्म सीडीवर मागून न्या, जुनं चित्र नसेल तर तुलना कशाशी करणार.

तुम्ही हे लिहिलं नाहीये पण विचारते: रिपोर्टसोबत आलेल्या पत्रात ब्रेस्ट डेन्सिटीबद्दल, म्हणजे स्तनात चरबीच्या मानाने दाट भाग किती याबद्दल, काही होतं का? १० सप्टेंबर २०२४ पासून एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बघणारं फेडरल खातं) नियमाने देशातल्या प्रत्येक सेंटरला ते कळवावं लागतं. डेन्स असतील तर मॅमोग्रामवर गाठ झाकली जाऊ शकते, पांढऱ्यात पांढरं. पण ते पत्र म्हणजे पुढच्या अल्ट्रासाऊंडचे पैसे मिळण्याची हमी नव्हे, ते फक्त माहिती देतं. टेक्सासच्या कायद्यात डेन्स ब्रेस्टसाठीचं इमेजिंग येतं, कार्डावर टीडीआय असेल तर. आणि आई, मावशी, बहीण यांच्यात कुणाला झालं होतं का हे डॉक्टरला मोकळेपणी सांगा. आपल्याकडे "मावशीला गर्भाशयाचं काहीतरी झालं होतं" इतकंच माहीत असतं, नेमकं कुणी बोलत नाही. फोन करून विचारा. त्यावरून तुमचा धोका सर्वसाधारण का जास्त हे ठरतं, आणि त्यावरून एमआरआय लागेल का ते.

पुढे काही निघालंच तर, घाबरवायला नाही, नुसतं माहीत असावं म्हणून. १९९८ चा फेडरल कायदा आहे, वुमेन्स हेल्थ अँड कॅन्सर राइट्स ॲक्ट, त्याने मॅस्टेक्टमी (स्तन काढण्याची सर्जरी) कव्हर करणाऱ्या प्लॅनला स्तनाची पुनर्रचना, दुसरी बाजू सारखी दिसावी म्हणून लागणारी सर्जरी, प्रोस्थेसिस (कृत्रिम स्तन) आणि हाताला येणाऱ्या सुजेचे उपचार हेही कव्हर करावं लागतं. हा सेल्फ-फंडेडलाही लागतो, डिडक्टिबल मात्र लागतं. टेक्सासच्या प्लॅनमध्ये मॅस्टेक्टमीनंतर निदान ४८ तास हॉस्पिटलमध्ये ठेवण्याचा हक्क वेगळा आहे, आणि लिम्फ नोड काढल्यावर २४ तास. तुम्ही आत्ता इथपर्यंत विचार करू नका, बायरॅड्स ३ वाल्या बहुतेक जणी इथपर्यंत येतच नाहीत.

आईचं सोपं आहे: तिचं तिकडेच करून घ्या, निघण्याच्या आधी. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये स्क्रीनिंग सहसा नसतं, आणि आधीपासूनची गाठ निघाली तर ते आधीचं दुखणं म्हणून हात वर करतात. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याकडच्या एक काकू आल्या होत्या, गाठ वर्षभर लपवलेली, "लेकीकडे गेल्यावर अमेरिकेत दाखवू" म्हणून थांबलेल्या. इथे प्रत्येक तपासणी रोख. शेवटी तीन आठवड्यांत परत पाठवून मुंबईला उपचार सुरू केले, आणि ते वर्ष फुकट गेलं याचं त्यांच्या लेकीला जे वाटतं ते मी लिहू शकत नाही. आईला आजच फोनवर स्पष्ट शब्दांत विचारा, काही लागतंय का, काही बदललंय का. फिल्म आणि रिपोर्ट तिला येताना बॅगेत आणायला सांगा.

एचआरचं उत्तर आलं की इथे कळवा, सेल्फ-फंडेड का फुली इन्शुअर्ड एवढंच लिहा, कंपनीचं नाव नको. अपीलचं पत्र लिहायला लागलं तर मी बसते तुमच्याबरोबर. आणि एप्रिलची अपॉइंटमेंट कॅन्सल करून टाकली असेल तर सोमवारी सकाळी आठला फोन करून परत घ्या, उशीर झाला की स्लॉट भरतात.